कामाचा हात

अंगठा समोर धर बरं. कुठल्याही हाताचा चालेल. नखाच्या टोकापासून पहिल्या सांध्यापर्यंतचं पेर नीट बघ. तेवढ्याच उंचीचा एक माणूस तिथं उभा आहे असं समज. डोक्यावर टोकदार शिरस्त्राण, त्याची एक पट्टी नाकावर उतरलेली. अंगात लोखंडी कड्यांचं चिलखत, पोटऱ्यांना गुंडाळलेल्या पट्ट्या. त्याच्या एका मुठीत भाला बसवून झाला आहे. आता दुसऱ्या हातावर शर्टाच्या बटणाएवढी गोल ढाल चिकटवायची आहे. श्वास रोख, कारण गोंदाचा थेंब मोहरीएवढा झाला तर ओघळतो. खसखशीएवढा असला तर पुरतो.

घरात जिला सगळे मुंगी म्हणत त्या मुलीनं श्वास रोखला, ढाल टेकवली आणि मनात वीसपर्यंत मोजलं. ढाल हलली नाही.

"बसली," ती म्हणाली.

"आधी गोंदाचं झाकण लाव. मग बसली म्हण," आजोबा म्हणाले.

खिडकीतून दुपारचं ऊन टेबलावर आलं होतं. टेबलावर जुनं वर्तमानपत्र, रंगांच्या छोट्या बाटल्या, पाण्याचे दोन पेले (एक ब्रश धुवायचा आणि एक आजोबांचा प्यायचा, आठवड्यातून एकदा तरी त्यांची अदलाबदल व्हायची) आणि चहाच्या जुन्या गाळणीनं चाळलेली बारीक वाळू. एका बाजूला अकरा सैनिक रांगेत उभे होते. प्रत्येकाच्या पायाखाली जुन्या कोटाचं एक मोठं बटण. बटणाला पांढरा गोंद फासायचा, त्यावर वाळू भुरभुरायची, वाळल्यावर मातीचा रंग द्यायचा आणि शेवटी सुक्या शेवाळाचा एखादा पुंजका रोवायचा. म्हणजे बटणाची जमीन होते. हे काम मुंगीचं होतं. तिच्या बाराव्या वाढदिवसाला अजून तीन वर्षं होती, पण जमीन करण्यात तिचा हात धरणारं घरात कुणी नव्हतं.

आजोबा, म्हणजे तिच्या आईचे वडील, जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवत आले होते. गावातल्या निम्म्या दुकानांची नावं त्यांच्या हातची. सगळे त्यांना पेंटर म्हणायचे. पाट्यांचं काम थांबल्यावर हे सैन्य तेवढं उरलं. हजार-बाराशे वर्षांपूर्वीचं, बंदूक कुणी ऐकलीही नव्हती तेव्हाचं. दर रविवारी सकाळी समोरचे घड्याळजी आपली पेटी घेऊन यायचे. त्यांच्या पेटीत घोडेस्वार, आजोबांच्या पेटीत भालेवाले. जेवणाच्या टेबलावर हिरवं कापड अंथरायचं, फासे टाकायचे, टेपनं इंच मोजायचे आणि लढायचं. हा डाव मुंगीच्या जन्माच्याही आधीपासून चालू होता.

पण गेल्या थंडीत आजोबांचा उजवा हात कापायला लागला. आधी चहाच्या कपाला कळलं, मग ब्रशाला, आणि सगळ्यात शेवटी आजोबांना. डॉक्टर म्हणाले, कंप वयाचा आहे, गोळीनं थोडा कमी होईल. थोडा कमी झाला. डावा हात मात्र शांत होता. तो मांडीवर पडून असायचा, ज्याला कुणी कधी काम सांगितलं नाही अशा धाकट्या भावासारखा.

नव्या रांगेतल्या अकरा जणांचे कपडे आणि चिलखतं त्यांनी जाड ब्रशानं कशीबशी उरकली होती. चेहरे राहिले. बारावा तर कपाटाखाली घरंगळून हरवलाच होता. तो गुरुवारी मुंगीला सापडला, आणि आजोबांनी तो सगळाच्या सगळा तिला करायला दिला.

"या रविवारचा डाव झाला की पेटी घड्याळजीकडे जाईल," आजोबांनी त्याच दिवशी घरात सांगून टाकलं होतं. "रंगवता येत नाही ते सैन्य घरात ठेवू नये. आपल्याकडेच बघत बसतं."

"बघत कसं बसेल?" मुंगी म्हणाली होती. "डोळे कुठं काढलेत तुम्ही?"

त्यावर आजोबा हसले होते, पण पेटीचं बोलणं मागं घेतलं नव्हतं. डोळे तिनं एकदा काढून पाहिले होते. तो सैनिक भूत पाहिल्यासारखा दिसायला लागला आणि आजोबांनी त्याचा चेहरा पुसून पुन्हा कोरा केला. तेव्हापासून ती जमिनीवरच होती.

आता आजोबांनी बहिर्गोल भिंग डोळ्यापाशी नेलं, बाराव्याला बटणासकट उचललं आणि बराच वेळ फिरवून पाहिलं.

"मुंगे, ही ढाल कुठल्या हातावर आहे?"

"दुसऱ्या."

"दुसऱ्या म्हणजे?"

"तुम्हीच सांगितलंत ना, भाला कामाच्या हातात आणि ढाल दुसऱ्या. मग हा कामाचा हात," असं म्हणून तिनं आपला डावा हात वर केला. त्याच्या बोटांना गोंद लागलेला होता. "आणि हा दुसरा."

आजोबांनी भिंग खाली ठेवलं. चूक कुणाची हे शोधायला फार लांब जावं लागणार नव्हतं.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "पण याचं काय करायचं? हे बघ." त्यांनी अकरा जणांना एकमेकांजवळ सरकवलं. बोटांनी दोघांना धक्का लागला, मुंगीनं त्यांना उभं केलं. "हे सगळे डाव्या हातात ढाल धरतात. प्रत्येकाची ढाल अर्धी त्याला झाकते, अर्धी त्याच्या डावीकडच्याला. म्हणून भिंत होते. शेजारधर्म आहे तो. मध्येच हा तुझा उलटा उभा राहिला, तर एका बाजूला दोन ढाली आपटणार आणि दुसऱ्या बाजूला भगदाड. घड्याळजीचा एक घोडा आत आला की संपलं."

"मग घड्याळजीकाका दर वेळी कसे जिंकतात? तेव्हा तर कुणी उलटा नव्हता."

"ते या टोकानं येतात." आजोबांनी रांगेच्या उजव्या टोकाशी बोट टेकवलं. "याच्या उजवीकडे कुणी नाही. याची उजवी कूस उघडीच राहते. ते काही आपल्या हातात नाही. भिंत म्हटली की तिला टोक आलंच."

मुंगी विचारात पडली. मग म्हणाली, "आजोबा, खेळाला डाव म्हणतात आणि हाताला डावा. ते एकाच घरातले का?"

"मी अक्षरं रंगवली, त्यांची कुळं नाही विचारली," आजोबा म्हणाले आणि त्यांनी पातळ पात्याची सुरी उचलली. "दे इकडे. गोंद ओला आहे तोवर सुटेल."

मुंगीनं सैनिक दिला नाही. आजोबांनी हात पुढं केलेलाच ठेवला. मग तिनं दिला.

सुरीचं टोक ढालीच्या कडेला लागलं, थरथरलं आणि घसरलं. ढाल तिथंच राहिली. सैनिकाच्या खांद्यावरचा निळा रंग मात्र खरवडला गेला आणि खालचं शिसं चमकलं. आजोबांनी पुन्हा सुरी लावली.

"बाबा, काय करताय?"

मुंगीची आई दारात उभी होती. ती औषधाच्या दुकानात काम करायची आणि शनिवारी दुपारीच घरी यायची. तिनं पिशवी खुर्चीला अडकवली आणि जवळ आली.

"ढाल काढतोय. उलटी लागलीय."

आईनं त्यांच्या हातातून सैनिक घेतला. त्याला तळहातावर उभा केला आणि जरा लांब धरून पाहिलं.

"उलटी कुठं आहे? डावरा आहे हा."

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"मध्ये भगदाड पडतं त्याच्यानं," आजोबा म्हणाले.

"मग मध्ये कशाला उभा करता?"

तिनं वाकून रांगेकडे पाहिलं. लहानपणी तीही याच टेबलाशी हनुवटी टेकून बसायची. कोण कुठं उभं राहतं हे तिला कुणी शिकवावं लागत नव्हतं. तिनं बाराव्याला रांगेच्या अगदी उजव्या टोकाला नेऊन ठेवलं. त्याची ढाल बाहेरच्या बाजूला आली. त्याचा आणि अकराव्याचा भाला शेजारी आले, मधल्या फटीत दोन टोकं. टोकाची कूस उघडी राहिली नाही.

आजोबांनी भिंग उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. किती रविवार ते टोक उघडं ठेवून ते हरत आले होते, कोण जाणे.

"आई," मुंगी म्हणाली, "तूसुद्धा डावरी आहेस?"

"होते."

"पण तू लिहितेस उजव्यानं. आणि पाव कापतेस डाव्यानं. मला वाटायचं, मोठं झालं की दोन्ही हात मिळतात."

आई हसली. खुर्ची ओढून बसली. "तुझ्याएवढी असताना मी आजोबांच्या दुकानात अक्षरं भरायला बसायचे. ते बाहेरची रेघ काढून द्यायचे, मी आत रंग भरायचे. आपली अक्षरं डावीकडून उजवीकडे जातात ना? माझा डावा हात मागून ओल्या रंगावरून फिरायचा. 'शिवणकाम' पुरं होईपर्यंत 'शि' पुसलेला. एका पाटीवर तर नुसतंच 'वणकाम' राहिलं."

"मग?"

"मग आजोबा माझ्या डाव्या हाताला रुमाल बांधायचे. म्हणजे तो विसरून पुढं येऊ नये."

"दुखायचं?"

"छे गं. गाठ सैल असायची." आईनं टेबलावरची वाळू बोटानं एका जागी गोळा केली. "पण असायची."

आजोबा खिडकीकडे बघत होते.

"पाटी गिऱ्हाइकाची असायची," ते म्हणाले. मग म्हणाले, "निळ्या काठाचा होता."

"हो. निळ्या काठाचा."

"मला वाटलं, तू विसरली असशील."

"मला वाटलं, तुम्ही."

त्यांनी बाराव्याला पुन्हा उचललं. दोन बोटांत धरून हळूहळू फिरवलं. चेहरा समोर आला, मग कान, मग पाठ, मग पुन्हा चेहरा. त्यांच्या हाताबरोबर तोही कापत होता, त्यामुळे एवढ्यातच कुठूनतरी पळत आल्यासारखा दिसत होता.

"पाटीला ओळ असते," ते म्हणाले. "ओळीला सुरुवात असते. याला कुठं आहे ओळ? हा तर गोल आहे. पाहिजे तसा फिरवावा." आणि त्यांनी सगळ्यात बारीक ब्रश, तीन-चारच केस उरलेला, लेकीच्या बाजूला सरकवला. "डोळे राहिलेत. बाराही जणांचे."

"बाबा, तीस वर्षं झाली ब्रश धरून."

"यांना हजार झाली. आणखी थोडं थांबतील."

आईनं ब्रश उचलला तो सवयीनं उजव्या हातात. मग तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि तो डाव्या हातात घेतला. आधी पांढरी आडवी रेघ, केसाएवढी. तिच्या मधोमध काळा ठिपका. मग बाकीचा चेहरा अंगाच्या रंगानं बाहेरून आत असा भरत यायचा की डोळा आपोआप बारीक होतो. आजोबा सांगत होते आणि ती "माहीत आहे, बाबा" म्हणत होती. मुंगी बटणं धरून एकेकाला वळवत होती. पहिल्या सैनिकाचे दोन डोळे दोन दिशांना गेले.

"चकणा झाला," आई म्हणाली.

"असू दे," आजोबा म्हणाले. "एक डोळा शत्रूवर, एक सेनापतीवर. असे लोक लागतात."

मुंगी इतकी हसली की टेबल हललं आणि दुसऱ्याला मिशी आली.

रविवारी घड्याळजी नेहमीप्रमाणे दार न वाजवता आत आले. उंच, वाकलेले, खिशात घड्याळं दुरुस्त करताना डोळ्याला लावायची दुर्बीण. "काय पेंटर, घोडामैदान अंथरलं का?" हे त्यांचं वाक्य ठरलेलं होतं. मुंगीला पाहून म्हणाले, "आणि ही ढालगज आज कुणाच्या बाजूनं?"

"आमच्या."

"म्हणजे मी एकटाच. ठीक आहे. घोडे माझे आहेत."

नऊ वाजता फासे पडले. अकराच्या सुमारास घड्याळजींनी आपले सहा स्वार झाडीमागून काढले आणि सवयीप्रमाणे रांगेच्या उजव्या टोकाशी आणून भिडवले. फासे उचलले आणि थांबले.

"हे काय?"

"काय?" आजोबांनी विचारलं.

"हा असा का उभा आहे?"

"डावरा आहे."

"नियमात डावरा नाही."

"नियमात डावरा नसावा असंही नाही. बघून घे."

घड्याळजींनी पुस्तिका काढली. पानं उलटली. मागचं पानसुद्धा वाचलं. मग दुर्बीण डोळ्याला लावली आणि टेबलावर इतके वाकले की त्यांचं नाक शत्रूच्या भाल्यांत शिरलं.

"आता घोडं कुठं पेंड खातंय, काका?" मुंगीनं विचारलं.

"गप्प बस गं." ते टोकाकडून डावीकडे एकेक चेहरा बघत गेले. "पेंटर, हे डोळे कुणी काढले? तुझा हात तर..." आणि ते मध्येच थांबले.

"माझ्या मुलीनं."

स्वयंपाकघराच्या दारात आई चहाचे कप घेऊन उभी होती. घड्याळजींनी दुर्बिणीतूनच तिच्याकडे पाहिलं, त्यामुळे त्यांचा एक डोळा प्रचंड मोठा दिसला. "हा चकणा मला आवडला," ते म्हणाले.

टोक पडलं नाही. दुसरीकडे मात्र आजोबांचे धनुर्धारी पळाले, आणि जेवायच्या वेळेपर्यंत कुणाकडेच काही राहिलं नाही. डाव बरोबरीत सुटला. घड्याळजींसमोर आजोबांना एवढंसुद्धा फार दिवसांनी जमलं होतं.

"पुढच्या रविवारी दुसऱ्या टोकानं येतो," घड्याळजी घोडे गोळा करत म्हणाले. "तिकडे कोण आहे तुझा? तीन हातांचा?"

आजोबांनी आपली पेटी पुढं ओढली, तिच्यात कापूस अंथरला आणि सैनिक एकेक करून आडवे ठेवायला सुरुवात केली. झाकण लावायला उजवा हात ठेवला तेव्हा झाकण पेटीवर टकटक वाजायला लागलं. त्यांनी हात काढून घेतला.

"ही तू घेऊन जा," ते म्हणाले.

"मी काय करू?"

"ठेव. रंगव. तुझा हात चांगला आहे."

"आणि खेळू कुणाशी? माझे घोडे माझ्याच भाल्यांवर घालू?" घड्याळजींचा आवाज जरा चढला. "पेंटर, मी घड्याळं दुरुस्त करतो. एकट्यानं दोन काटे फिरवत बसायला मला घरी पुष्कळ आहेत."

"पुढच्या वेळी कुणी पडला, कुणाचा रंग उडाला, तर मी काय करायचं? दर वेळी पोरीला बसवू? तिला तिचं काम आहे." आजोबा शांतपणे बोलत होते, हे त्यांचं आधीच बोलून झालेलं होतं, स्वतःशी. "घेऊन जा."

घड्याळजींनी आईकडे पाहिलं. आईनं टेबलाच्या कडेला तसेच राहिलेल्या कपांकडे पाहिलं. चहा गार झाला होता.

मुंगी टेबलाच्या टोकाशी बसली होती. बारावा अजून पेटीत गेला नव्हता. तो तिच्या हातात होता. त्याच्या खांद्यावर काल सुरी लागली होती तिथं शिसं अजून चमकत होतं. कालपासून तो ओरखडा कुणीच भरला नव्हता. तिनं सैनिकाकडे पाहिलं, मग आजोबांच्या हातांकडे. उजवा पुन्हा झाकणावर होता आणि कापत होता. डावा मांडीवर होता, गप्प.

ती उठली. आईच्या पिशवीतून रुमाल काढला. त्याला निळा काठ नव्हता, साधा पांढरा होता. ती आजोबांच्या खुर्चीशी आली, त्यांचा उजवा हात झाकणावरून उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि त्याच्याभोवती रुमाल दोनदा गुंडाळून गाठ मारली.

"मुंगे," आई म्हणाली.

"घट्ट नाही ना?" मुंगीनं आजोबांना विचारलं.

आजोबांनी गाठीकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "सैल आहे."

मग तिनं निळ्या रंगाची बाटली उघडली, बारीक ब्रशाचं टोक बुडवलं, बाटलीच्या कडेला निपटलं आणि ब्रश त्यांच्या डाव्या हातात दिला. सैनिकाचं बटण आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरलं, खांदा त्यांच्या बाजूला वळवला, आणि श्वास रोखला.